बोलाचाली : ग्रुपवरचा ‘ओके’, ९३ टक्केवाले सर आणि बोर्डाखालचा भाव

यावेळी पत्रं इतकी आली की निवडतानाच डोकं फिरलं. बोलण्यावरून झालेलं भांडण सोडवा अशीच बहुतेक पत्रं आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीच भांडणं तोंडाने झालेलीच नाहीत, मोबाईलवर बोटांनी झालीयेत. असो. नावं नेहमीसारखी छापत नाही, गाव-तालुका तेवढा ठेवलाय.

अक्का, आम्ही भुसावळला राहतो, मिस्टर रेल्वेत आहेत, मी एका ऑफिसात जाते. सासर अमळनेरकडचं. फॅमिली ग्रुपवर कानबाईच्या सणाच्या रोटाचं, म्हणजे गव्हाच्या नैवेद्याचं ठरत होतं, सासूबाईंनी मोठा व्हॉइस मेसेज टाकला, कोण कधी येणार, गहू कोण निवडणार, मुंबईवाल्यांची झोपायची सोय कुठे, आणि मला नाव घेऊन सांगितलं की तू दोन दिवस आधी ये. मी मिटिंगमध्ये होते, ‘ओके’ लिहून टाकलं. आता त्या नणंदेला सांगून राहिल्या की शिकलेल्या सुनेला आपल्याशी बोलायला पण वेळ नाही. मी जाणारच होते ना अक्का, मग काय चुकलं? — एक सून, भुसावळ

अगं माय, तुझ्या मनात काही नव्हतं हे मला पत्रावरून कळलं, पण त्यांना कसं कळणार? त्या काय करत होत्या ते बघ आधी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी एका घरात गोळा करायची, रोटाचे गहू मोजायचे, कोणाचं काय बिनसलंय ते सांभाळायचं, हे सगळं त्या बाईने वर्षानुवर्षं केलंय आणि त्याचा पगार तिला कोणी देत नाही, मिळतो तो मान. तो व्हॉइस मेसेज म्हणजे नुसता निरोप नव्हता, सगळ्या घरासमोर ‘अजून मीच हे घर चालवते’ असं सांगणं होतं. त्यावर सगळ्यांसमोर दोन अक्षरं आली.

ऑफिसात ‘ओके’ म्हणजे काम झालं. तिथे कमी लिहिणारा हुशार. घरात उलटं असतं. पॉल ग्राइस म्हणून भाषेचा एक तत्त्वज्ञ होता, १९७५ साली छापलेल्या एका लेखात त्याने हे नीट मांडलंय, की बोलताना आपण धरूनच चालतो की समोरचा जेवढं पाहिजे तेवढं बोलेल, आणि तो त्यापेक्षा कमी बोलला की आपण गप्प बसत नाही, ‘कमी का बोलला असेल’ याचं उत्तर आपलं आपणच शोधतो. सासूबाईंनी शोधलं. समोर असतीस तर तू मान डोलावली असतीस, हसली असतीस, ‘हो आत्या’ म्हटलं असतंस, ते सगळं फोनने खाल्लं आणि उरला नुसता ‘ओके’.

आता खुलासा करत बसू नको. ‘मी बिझी होते, तसा माझा अर्थ नव्हता’ हे ऐकायला त्यांना पण नको वाटेल, कारण मग त्यांना कबूल करावं लागेल की दोन अक्षरांचा राग आला होता. फोन कर आणि कामाचं विचार. ‘आत्या, गहू किती निवडायचेत, मी शुक्रवारी सुरत लाइनीच्या गाडीने निघू का शनिवारी सकाळी चालेल, आणि मुंबईवाल्या काकूंच्या गुडघ्याचं काय, त्यांना खाली झोपवायचं ना?’ बारीकसारीक विचारणाऱ्या माणसाने आपलं ऐकलंय हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मग त्याच दिवशी ग्रुपवर एक ओळ टाक, ‘आत्यांशी बोलले, मी शुक्रवारी येते, गहू मी निवडते.’ अपमान ग्रुपवर झाला असं त्यांना वाटतंय ना, मग मान पण ग्रुपवरच परत गेला पाहिजे, नुसत्या फोनने अर्धंच भरेल. आणि नणंदेला यात ओढू नको, तिला आधीच पुष्कळ मिळालंय बोलायला.

नमस्कार अक्का. मी जळगावला इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. एका पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला गेलो, तिथले सर म्हणाले की कम्युनिकेशनमध्ये शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि बॉडी लँग्वेजचं ५५, म्हणजे ९३ टक्के शब्दांशिवायच असतं. माझं मराठी कच्चं, इंग्रजी त्याहून कच्चं, म्हणून मला बरं वाटलं. आता इंटरव्ह्यू आहे तर फक्त बॉडी लँग्वेजवर जोर देऊ का? फी खूप भरली आहे हो. — कॅम्पसवाला, जळगाव

भाऊ, फी गेली ती गेली, इंटरव्ह्यू घालवू नको.

तू स्वतःच विचार कर ना. ९३ टक्के शब्दांशिवाय असतं तर तुझ्या सरांनी तो आकडा तरी कसा सांगितला असता, हातवारे करून? चिनी सिनेमा आवाज आणि हावभावावर ९३ टक्के समजला असता, सबटायटल कशाला लागले असते. पण हा आकडा हवेतून पण नाही आला. अल्बर्ट मेहराबियन नावाचे मानसशास्त्राचे प्रोफेसर होते, कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला. १९६७ साली त्यांचे दोन प्रयोग छापून आले. एकात सुटे शब्द, म्हणजे ‘थँक्स’, ‘टेरिबल’ असले, वेगवेगळ्या सुरात ऐकवले आणि विचारलं, बोलणाऱ्याच्या मनात काय आहे वाटतं? दुसऱ्यात एकच शब्द, ‘मेबी’, म्हणजे आपलं ‘बघू’, तो वेगवेगळ्या सुरात, आणि सोबत चेहऱ्याचे फोटो, एक खुश, एक नाराज, एक मधलाच. या दोन्हींची बेरीज करून ते ७-३८-५५ निघालं. म्हणजे प्रश्न एवढाच होता, की एखादा माणूस एक शब्द बोलला आणि शब्द एक सांगतोय, सूर दुसरंच सांगतोय, तर आवड-नावड ओळखायला लोक कशावर भरोसा ठेवतात. साहजिक आहे, चेहऱ्यावर ठेवतात. आपली माय ‘जा, जा, खुशाल जा’ म्हणते तेव्हा आपण जातो का? पण याच्यावरून तुझ्या मशीन डिझाइनच्या उत्तरात शब्द ७ टक्केच, असं काही निघत नाही, आणि खुद्द मेहराबियन पण हेच सांगत आले की हे समीकरण भावना आणि आवड-नावडीच्या बोलण्यापुरतंच आहे, दुसरीकडे लावू नका. तरी ते लागलंच. जगभरच्या ट्रेनिंगवाल्यांनी ते उचललं कारण आकडा भारी दिसतो आणि ज्याला शब्दांची भीती वाटते त्याला बरं वाटतं, जसं तुला वाटलं.

इंटरव्ह्यूला बॉडी लँग्वेज एवढीच लागते की नीट बस, समोरच्याकडे बघ, पाय हलवू नको. बाकी सगळं शब्दांचंच काम आहे. तुझा प्रोजेक्ट काय होता, त्यात काय बिघडलं, तू काय केलंस, हे तीन गोष्टीत सांगता आलं पाहिजे. आधी ते तुझ्या घरच्या बोलीत सांगून बघ, बहिणीला सांग, तिला कळलं तर तुला कळलंय. मग मराठीत, मग इंग्रजीत. आमच्याकडे उलटं करतात पोरं, इंग्रजी वाक्यं पाठ करतात आणि मधेच कोणी ‘म्हणजे काय?’ विचारलं की खलास.

अक्का, रावेर तालुक्यात केळी आहे माझी. कटाईच्या वेळी व्यापारी रात्री फोन करतो, म्हणतो आप्पा उद्या गाडी लावतो पण बोर्ड भावाने, म्हणजे बाजारात रोज जाहीर होतो त्या भावाने, नाही जमणार, दिल्लीकडे उठाव नाही, तुमचा माल लेट झालाय, आज हो नाही म्हटलं तर उद्या अजून पडेल. मी काही बोलायच्या आत शंभर-दोनशेने भाव खाली गेलेला असतो. मी तसा बोलायला कच्चा नाही, गावात चार माणसं माझं ऐकतात, पण याच्यापुढे तोंड बंद होतं. — केळीवाला, रावेर

आप्पा, तुमचं तोंड बंद होत नाही, बंद केलं जातं, आणि त्याची एक रीत आहे.

पहिला डाव आकड्याचा. जो आधी आकडा टाकतो, त्याच्याच आजूबाजूला सगळं बोलणं फिरतं. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या दोघांचा यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, १९७४ साली छापलेला. लोकांसमोर शून्य ते शंभर आकड्यांचं चक्र फिरवायचे, चक्रात गडबड करून ठेवली होती, ते एकतर १० वर थांबायचं नाहीतर ६५ वर. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्र संघात आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? आता चक्राचा आणि आफ्रिकेचा संबंध काय, काही नाही. तरी ज्यांच्यासमोर १० आला त्यांचं मधलं उत्तर २५ निघालं आणि ६५ वाल्यांचं ४५. काहनेमनना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे कशाशी घेणंदेणं नसलेला आकडा पण माणसाला ओढतो, तुमचा व्यापारी तर केळीचाच आकडा टाकून राहिला.

दुसरा डाव घाईचा. केळी पिकणार हे त्याला माहीत, तुम्हाला पण माहीत, म्हणून तो बोलतो कधी, रात्री, जेव्हा तुम्ही कोणाला विचारू शकत नाही. तिसरा डाव म्हणजे तीन कारणं एका दमात. दिल्लीचा उठाव, लेट माल, उद्याची भीती, सगळं एका श्वासात, तुम्ही कशाला उत्तर देणार? तुम्ही म्हणता ‘परवडत नाही हो’. बस, संपलं. परवडत नाही म्हणणारा माणूस विनवणी करून राहिला असतो, सौदा नाही.

बैलबाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचे, बाजूला उभ्या असलेल्याला भाव कळू नये म्हणून. रात्रीचा फोन तोच रुमाल आहे आप्पा. तुम्ही तो काढा. दुपारीच रावेरचा बोर्ड भाव बघा, बऱ्हाणपूरचा बघा, शेजारच्या दोघांना विचारा त्यांची कटाई काय भावाने झाली, आणि तुमचा आकडा कागदावर लिहून फोनजवळ ठेवा. फोन आला की ‘राम राम शेठ’ झाल्यावर आकडा तुम्ही टाका, तो टाकायच्या आत. त्याने तीन कारणं सांगितली की एकेक वेगळं करा. ‘माल लेट झाला म्हणता, मग बागेत या, घड बघा, लेट किती ते दाखवा.’ ‘दिल्लीला उठाव नाही म्हणता, मग उद्या गाडी कशाला लावताय?’ आणि विचारून झालं की गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला फोनवरची शांतता सहन होत नाही, आपणच बोलतो आणि आपणच वीस रुपये सोडतो. राहू द्या ना शांत, त्याला बोलू द्या.

ठरलं की व्हॉट्सॲपवर लिहून मागा, भाव काय, वजनात कपात काय, पैसे कोणत्या तारखेला. ‘विश्वास नाही का आप्पा?’ असं तो म्हणेल. म्हणा, विश्वास आहे म्हणूनच लिहून मागतो, पोरगा हिशोब ठेवतो. एकट्याचा आवाज कमी पडत असेल तर शेजारच्या दोन-तीन बागवाल्यांची कटाई एकाच दिवशी धरा, एक गाडी भरेल इतका माल असला की तोच माणूस सकाळी पण फोन करतो. याने भाव आभाळाला लागणार नाही, बाजार खरंच पडला असेल तर पडलाच असेल, बोलून बाजार चढत नसतो. पण पडलेल्या बाजाराच्या नावावर जास्तीचे शंभर-दोनशे जातात ते वाचतील.

अक्का, आमच्या भावकीच्या ग्रुपचा मी ॲडमिन. निवडणूक आली की दोन चुलतभाऊ रोज भांडतात, एकाने काहीतरी भलतंच टाकलं तर पोलीस मला धरतील असं सगळे घाबरवतात. — ॲडमिन, नंदुरबार

घाबरू नका. २०२१ साली मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की सभासदाने आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून नुसत्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, त्याचा आधीपासून त्यात हात असेल, संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तुम्ही स्वतः आगीत तेल ओतू नका एवढंच.

आणि त्या दोघांना समजवायला जाऊ नका. आपल्या न्यायसूत्रांत वादाच्या तऱ्हा सांगितल्यात, खरं काय ते दोघांना मिळून शोधायचं असेल तो वाद, फक्त जिंकायचं असेल तो जल्प, आणि स्वतःचं काही मांडायचंच नाही, समोरच्याचं तेवढं पाडायचं ती वितंडा. तुमचे चुलतभाऊ तिसऱ्या वर्गातले दिसतात, दोघं पण. वितंडेला उत्तर नसतं, प्रेक्षक असतात. चाळीस जण बघणारे आहेत म्हणून तर रंगून राहिलंय. निवडणूक होईपर्यंत फक्त ॲडमिनने मेसेज टाकायचे अशी सेटिंग करून टाका, लग्नाच्या पत्रिका आणि दहाव्याचे निरोप तुमच्याकडे पाठवा म्हणा.

ताई, मी शिरपूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे, महिला राखीव जागेवरून आले. मीटिंगला माझे मिस्टर बोलतात, मी सही करते. आता मला स्वतः बोलायचंय, आमच्या गल्लीत पाण्याचा लई त्रास आहे, पण उभं राहिलं की हातपाय कापतात, शुद्ध मराठी येत नाही, लोक हसतील असं वाटतं. भाषण कसं करायचं ते सांगा. — सदस्या, शिरपूर तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला. आधी एक गोष्ट, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत त्या सहीसाठी नाहीत. निवडून तुम्ही आलात, सभागृहात सदस्य म्हणून बोलायचा हक्क तुमचा आहे, मिस्टरांचा नाही. हे त्यांना भांडून सांगू नका, जेवताना सांगा, ‘यावेळी पाण्याचं मीच बोलते, तुम्ही फक्त पाइपलाइनचा कागद काढून द्या.’ त्यांना काहीतरी काम द्या म्हणजे त्यांना आपण बाजूला पडलो असं वाटणार नाही. अन्याय आहे, मला माहीत आहे, बोलायचं तुम्ही आणि सांभाळायचं पण तुम्हीच, पण पहिल्या वेळेला तरी घरातून विरोध घेऊन जाऊ नका.

भाषण करायचंच नाही. भाषण हवंय कोणाला, तुम्हाला पाणी पाहिजे. तुम्ही प्रश्न विचारायचा. गाडगेबाबांचं कीर्तन कसं चालायचं ठाऊक आहे ना, ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे, शाळा न शिकलेला माणूस हजारो लोकांना हलवून सोडायचा, आणि भाषा तरी कोणती, वऱ्हाडी. आपल्या धुळ्याचंच बघा. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या जेलमध्ये होते, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे, अठरा रविवार, अठरा अध्याय, आणि साने गुरुजी समोर बसून लिहून घ्यायचे, म्हणून ते आज आपल्याला वाचायला मिळतं. समोर कोण होतं, जेलमधले कैदी. तिथे संस्कृत झाडत बसले असते तर दुसऱ्या रविवारी कोणी आलं नसतं. ज्याला सांगायचंय त्याच्या जगातलं बोललं की शुद्ध-अशुद्ध कोणी मोजत नाही.

तर एका कागदावर फक्त हे लिहा. आमच्या गल्लीत किती घरं, पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं. आणि खाली एकच प्रश्न, ‘आमच्या गल्लीला पाणी कोणत्या तारखेपासून येईल?’ अहिराणीत विचारा ना खुशाल, ‘आमनी गल्लीमा पानी कव्हय येई?’ ग्रामसेवकाला कळतं, सरपंचाला तर घरचंच आहे. ते म्हणतील ‘बघू’, ‘प्रस्ताव पाठवलाय’, ‘वरून निधी नाही’. तुम्ही चिडायचं नाही, आवाज वाढवायचा नाही, तोच प्रश्न परत. ‘हो, पण तारीख?’ तिसऱ्या वेळी सगळी सभा तारखेची वाट बघायला लागते, करून बघा. मग म्हणायचं, हे प्रोसिडिंगला लिहा. बोललेलं हवेत जातं, रजिस्टरमध्ये लिहिलेलं पुढच्या मीटिंगला वाचून दाखवता येतं.

हातपाय कापतात त्याला औषध हे की आधी महिला ग्रामसभेत बोलून घ्या. कायद्यानेच ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यायची असते, बऱ्याच गावात ती नुसती कागदावर होते, तुम्ही ती खरोखर घ्यायला लावा. तिथे गल्लीतल्या चार जणींना हंडे-कळशीचं काय होतं ते बोलू द्या, आणि त्याच चौघींना मोठ्या ग्रामसभेला पुढच्या रांगेत बसवा. कोणी हसला तर त्यांच्याकडे बघायचं, हसणाऱ्याकडे नाही.

अक्का, मी पाचोऱ्याकडचा, अहिराणीत कॉमेडी रील टाकतो, व्ह्यूज बरे आहेत, लग्नात लोक ओळखतात. पण वडील म्हणतात गावंढळ भाषेचा बाजार मांडलाय, लोक तुझ्यावर नाही, आपल्यावर हसून राहिले. मित्र म्हणतात, बहिणाबाईंनी अहिराणीत कविता केल्या म्हणून मोठ्या झाल्या, तू करत राहा. कोणाचं ऐकू? — रीलवाला

मित्राचं आधी दुरुस्त करते. बहिणाबाई चौधरींची बोली अहिराणी नाही, ती जळगाव-यावल पट्ट्यातली लेवा गणबोली. खान्देश म्हटलं की सगळी अहिराणी, असं पुण्या-मुंबईला वाटतं ते ठीक आहे, आपल्याला तरी फरक ठाऊक पाहिजे. बाकी मुद्दा बरोबर आहे त्याचा. असोद्याची अक्षर न शिकलेली बाई, घरकाम-शेतकाम करता करता ओव्या रचायची, १९५१ मध्ये गेली आणि १९५२ मध्ये त्या छापून आल्या तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने कान टवकारले. बोलीची लाज तिला नव्हती, म्हणून ते जमलं.

अहिराणी काही बारकी भाषा नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली १८ लाखांवर लोकांनी आपली मातृभाषा नोंदवलीय, आणि घरात अहिराणी बोलून मोजणीवाल्याला ‘मराठी’ सांगणारे माझ्याच ओळखीत कितीतरी आहेत. का सांगतात? तुझे वडील जे म्हणून राहिले त्याच भीतीने. त्यांनी शाळेत बोलीवरून मार खाल्ला असेल, ऑफिसात टोमणे ऐकले असतील, त्यामुळे त्यांना नुसतं ‘जुन्या विचारांचे’ म्हणून उडवून लावू नको.

वडिलांचं अर्धं बरोबर आहे असं मला तुझ्या रील बघून वाटलं, हो, बघितल्या मी. अहिराणी कोण बोलतं त्यात? दारुडा, मार खाणारा नवरा, भांडकुदळ सासू, शहरात येऊन बावचळलेला म्हातारा. आणि मास्तर, डॉक्टर, इन्स्पेक्टर, हिरोईन आली की ती प्रमाण मराठीत बोलते. हे तुझ्या डोक्यात आलं नसेल, पण बघणारा पोरगा हेच शिकतो की ही भाषा हसायची, ती भाषा हुशारीची. विनोद वाईट नाही रे. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काही गावात दोन बाजूंच्या बायका एकमेकींना काय काय गाऊन बोलतात, बाहेरच्याने ऐकलं तर कानावर हात ठेवेल. पण तिथे दोन्हीकडे तीच बोली, दोन्हीकडे तेवढाच दम, आज मी तुला ऐकवलं तर उद्या तू मला. चिमटा बरोबरीच्याला काढला तर मजा येते. तुझ्या रीलमध्ये चिमटा कायम एकाच माणसाला बसतो.

शेजारी मालेगावला बघ. पॉवरलूमच्या गावातली पोरं हाताशी असलेल्या सामानातून सिनेमे काढायला लागली, मोठ्या सिनेमांची नक्कल केली पण हिरो आपलाच ठेवला, काडीपैलवान, आपल्याच बोलीत बोलणारा, आणि जग जिंकणारा पण तोच. त्यावर माहितीपट झाले, परदेशात गेले. हसू तिथे पण आहे, पण ते हिरोसोबत आहे.

एवढंच करून बघ, इन्स्पेक्टरला अहिराणी बोलू दे. डॉक्टरीण बाईला बोलू दे, ‘आजी, गोयी टाईमवर घ्या ना’ म्हणू दे. आणि मूर्ख कोणाला करायचं असेल तर प्रमाण मराठीत भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याला कर, तसे नमुने आपल्याकडे कमी नाहीत. व्ह्यूज थोडे पडतील सुरुवातीला. पडू दे. आणि एखादी रील वडिलांना घेऊन कर, त्यांच्या तोंडची जुनी अहिराणी तुला येत नाही, पैज लावते.

अक्का, भांडण झालं की मिस्टर एक शब्द बोलत नाहीत, भिंतीकडे बघत बसतात, मी बोलत राहते, मग अजूनच वाढतं. त्यांना काही वाटतच नाही का? — धुळे

वाटतं. जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांना भांडताना यंत्रं लावून बघितलं, तर जो असा दगड होऊन बसतो त्याचं हृदय आतून जोरात धडधडत असतं, मिनिटाला शंभराच्या वर ठोके गेले की माणसाला समोरचं नीट ऐकू पण येत नाही. तुम्हाला तो माज वाटतो, त्याला तो बचाव वाटतो. म्हणून तेव्हा बोलत राहून उपयोग नाही. भांडण नसताना, चांगल्या दिवशी, दोघांनी ठरवून टाका की असं झालं की ‘थांब, नंतर’ एवढं म्हणायचं आणि निदान वीस मिनिटं वेगळं व्हायचं, तो गच्चीवर, तुम्ही स्वयंपाकघरात. पण ‘थांब, नंतर’ म्हणणाऱ्यानेच परत येऊन विषय काढायचा, ही अट त्यात घालाच, नाहीतर मिस्टर रोज गच्चीवरच झोपतील.